ऊन मोजणारा डॉक्टर

मनगटावरचं घड्याळ जरा काढून बघा. पट्ट्याखालची कातडी बाकीच्या हातापेक्षा उजळ दिसते ना? पावलावर सँडलचे पट्टे उमटलेले असतात, ते वेगळेच. टू-व्हीलरवरून कॉलेजला जाणाऱ्या पुण्यातल्या मुली डोक्याभोवती स्कार्फ गुंडाळून आणि लांब हातमोजे घालून उन्हाशी रोज दोन हात करतात. थोडक्यात, ऊन आपल्या कातडीवर काहीतरी लिहून जातं हे तुम्हाला चांगलंच माहीत आहे. पण ते नक्की काय लिहितं, कशाने लिहितं आणि त्याचा आजार बरा करायला उपयोग होईल का, हे प्रश्न तुम्हाला कधी पडलेत?

आता कसबा पेठेत चला. कसबा गणपतीला नमस्कार करून तांबट आळीकडे निघालात, तर वाटेत असे बोळ लागतात की जिथे ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते दुपारी, आणि तेही थोडाच वेळ. जुन्या वाड्याचं माजघर तर भर दुपारी दिवा मागतं. अशा गल्लीत मांजर कुठे बसलंय ते बघा. उन्हाचा जो काही पट्टा ओट्यावर आला असेल, नेमकं त्यातच ते अंग मुडपून पडलेलं असतं. पट्टा सरकला की मांजरही सरकतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डेन्मार्कमध्ये, कोपनहेगन शहरात, एक आजारी तरुण असंच एक मांजर बघत होता असं सांगतात. तो राहायचा त्या घराचं तोंड उत्तरेला, त्यामुळे आत ऊन यायचं नाही. सतत थकवा, अंगात रक्त कमी. आपल्याला ऊन मिळालं तर बरं वाटेल असं त्याला सारखं वाटायचं. मांजराला उन्हातून नेमकं काय मिळतं, हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला तो कायमचा. त्या तरुणाचं नाव निल्स रायबर्ग फिन्सेन. पुढे त्याला नोबेल मिळालं. आज नवजात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात किंवा कोड असलेल्या मुलीला प्रकाशपेटीत उभं करतात, त्यामागे याच माणसाने उघडलेली वाट आहे.

ढ म्हणून हिणवलेला मुलगा

फिन्सेनचा जन्म 15 डिसेंबर 1860 चा. गाव टोर्शाव्हन, फॅरो बेटांवरचं. ही बेटं अटलांटिक महासागरात पार उत्तरेला आहेत. तिथे ढग, धुकं, पाऊस आणि वारा भरपूर, आणि ऊन मात्र नवसाचं. वडील सरकारी अधिकारी होते, मूळचे आइसलंडचे. निल्स चार वर्षांचा असताना त्याची आई गेली.

शिक्षणासाठी त्याला डेन्मार्कमधल्या एका नामांकित निवासी शाळेत पाठवलं. तिथे तो रमला नाही आणि मार्कही पडले नाहीत. मुलगा मनाने चांगला आहे, पण बुद्धी बेताची आणि उत्साह त्याहून बेताचा, असा शेरा मुख्याध्यापकांनी मारला. मग वडिलांनी त्याला स्वतः शिकले होते त्या आइसलंडच्या रेक्याविकमधल्या शाळेत घातलं. तिथे गाडी थोडी रुळावर आली, तरी वर्गातल्या पहिल्या नंबरांत तो कधीच नव्हता. 1882 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी तो कोपनहेगनला आला.

आणि साधारण वर्षभरात आजार सुरू झाला. हृदय आणि यकृत यांच्याभोवतीची आवरणं हळूहळू जाड आणि ताठर होत जाणारा हा आजार. पोटात पाणी साठायचं, दम लागायचा, चालणं कमी कमी होत जायचं. त्या काळात यावर इलाज नव्हता. तुमच्याच वयाच्या पोराला डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षात हे कळलं, असं समजा. त्याने शिक्षण सोडलं नाही. 1890 मध्ये पदवी घेतली, मग कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवण्याची नोकरी धरली. पण डोक्यात उन्हाचाच विषय होता. 1893 च्या सुमारास त्याने नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ प्रकाशालाच देऊन टाकला.

हातावर शाईचा पट्टा

त्याचा सुरुवातीचा एक प्रयोग तुम्हाला घरी कळेल इतका सोपा आहे. त्याने आपल्या हातावर काळ्या शाईचा एक पट्टा रंगवला आणि हात कडक उन्हात धरून बसला. चांगले दोन-तीन तास. मग शाई पुसली. उघडी कातडी लाल होऊन सुजली, पण शाईखालचा पट्टा जसाच्या तसा गोरा राहिला. काही दिवसांनी लाली गेली आणि तो भाग सावळा झाला.

खरी हुशारी पुढे आहे. त्याने तोच हात पुन्हा उन्हात धरला, या वेळी शाई न लावता. आता उलटं झालं. आधी वाचलेला गोरा पट्टा भाजला आणि आधी भाजून सावळा झालेला भाग तगला. म्हणजे कातडीत उतरलेला काळा रंग ही उन्हाने केलेली खराबी नव्हती. ती शरीराने उभी केलेली ढाल होती.

या ढालीला आपण मेलॅनिन म्हणतो. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या हे रंगद्रव्य शेजारच्या पेशींना वाटतात, आणि त्या पेशी ते आपल्या केंद्रकावर छत्रीसारखं धरतात. अतिनील किरण आत घुसून डीएनए बिघडवण्याआधी मेलॅनिन ते शोषून घेतं. उन्हाळ्यात टॅन झालो म्हणून आरशासमोर कुरकुरताना एवढं लक्षात ठेवा, तुमच्या कातडीने तिचं काम केलंय.

दुसरी गोष्ट फिन्सेनने नीट दाखवली ती अशी की कातडी भाजते ती उन्हाच्या उष्णतेने नाही. प्रकाशातल्या निळ्या, जांभळ्या आणि त्यापलीकडच्या न दिसणाऱ्या किरणांनी हे होतं. तांबडा प्रकाश गरम वाटला तरी असं भाजत नाही. म्हणजे ऊन ही एकच एक गोष्ट नाही, ती अनेक किरणांची मिसळ आहे. त्यातला प्रत्येक किरण कातडीत वेगळ्या खोलीपर्यंत जातो आणि तिथे वेगळं काम करतो. मग त्यातला हवा तो वेगळा काढता आला तर?

आधी त्याने नको ते किरण अडवून पाहिले. देवीच्या रोग्यांना तांबड्या पडद्यांच्या खोलीत ठेवा, म्हणजे बाकीचे किरण फोडांना त्रास देणार नाहीत आणि व्रण कमी पडतील, असं त्याने 1893 मध्ये सुचवलं. नॉर्वेत लगेच हा उपाय करून पाहिला गेला आणि सुरुवातीला खूप कौतुकही झालं. पुढे मात्र तो टिकला नाही. मग फिन्सेन उलट बाजूने विचार करू लागला. किरण अडवण्याऐवजी त्यांना कामाला लावायचं.

चेहरा खाणारा आजार

त्या काळच्या युरोपात ल्युपस व्हल्गॅरिस नावाचा आजार फार होता. ल्युपस म्हणजे लांडगा. हा कातडीचा क्षय. क्षयाचेच जंतू, पण फुप्फुसाऐवजी बहुतेक वेळा चेहऱ्यावर घर करायचे. हळूहळू नाक, गाल, ओठ, कान खात जायचे. माणूस मरायचा नाही, पण लोकांत जगायचाही नाही. नोकरी जायची, लग्न ठरायचं नाही, घरातली मंडळी त्याला पाहुण्यांसमोर येऊ द्यायची नाहीत. कापून काढणं, डागणं, औषधाने जाळणं असे उपाय व्हायचे, आणि त्यांचे व्रण आजाराइतकेच भयानक असायचे.

सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज जोडीने 1877 मध्ये दाखवलं होतं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने 1882 मध्ये शोधला होता. फिन्सेनने या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. जंतू कातडीत आहेत, प्रकाश कातडीत शिरतो, मग प्रकाशच तिथे पाठवू.

पण डेन्मार्कच्या हिवाळ्यात ऊन आणायचं कुठून? नोव्हेंबर 1895 मध्ये त्याने कोपनहेगनच्या वीज कंपनीचं दार ठोठावलं. तिथे कार्बन आर्क दिवे होते. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवणारे, डोळे दिपवणारे दिवे. पहिला रोगी होता निल्स मोगेन्सेन नावाचा इंजिनिअर. कित्येक वर्षं तो या आजाराने हैराण होता आणि सगळे उपाय करून थकला होता. रोज त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश टाकायला सुरुवात झाली आणि काही महिन्यांत त्याचा चेहरा भरून आला.

यातल्या अडचणी कशा सोडवल्या ते बघण्यासारखं आहे. पहिली, उष्णता. दिव्याचा प्रकाश भिंगांनी एकवटला तर कातडी भाजणार. म्हणून प्रकाशाच्या वाटेत पाणी ठेवलं, ते उष्णता शोषून घेतं. दुसरी, काच. साधी काच अतिनील किरण अडवते. म्हणून भिंगं स्फटिकाची, म्हणजे क्वार्ट्झची केली.

तिसरी अडचण सगळ्यात मजेदार. अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटाच्या टोकाला लावा. बोट लाल दिसेल. कारण रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश गिळून टाकतं आणि तांबडा तेवढा पलीकडे जातो. म्हणजे फिन्सेनला जो प्रकाश आत पाठवायचा होता, तोच रक्तात अडकत होता. त्याने कानाच्या पाळीमागे फोटोचा कागद धरून पुढून प्रकाश सोडला. कागदावर परिणाम होईना. मग कानाची पाळी दोन काचांमध्ये दाबून त्यातलं रक्त बाजूला सारलं, तर कागद काळा पडला. झालं! तेव्हापासून उपचार करताना एक परिचारिका रोग्याशेजारी बसून स्फटिकाचं एक पोकळ भिंग त्याच्या कातडीवर दाबून धरायची. त्या भिंगातून थंड पाणी खेळतं ठेवलेलं. एका वेळी नाण्याएवढी जागा, आणि साधारण तासभर. दुसऱ्या दिवशी शेजारची जागा. असे महिनोन्‌महिने.

1896 मध्ये कोपनहेगनमध्ये फिन्सेनची प्रकाशोपचार संस्था सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत तो पुण्यात, आपल्या पेठांत शिरला. इकडे जंतूंच्या भीतीने लोक घरंदारं सोडून माळावर झोपड्या बांधून राहत होते, तिकडे एक माणूस जंतूंवर दिवे रोखून बसला होता. पहिल्या पाच-सहा वर्षांत त्याच्या संस्थेत ल्युपसचे सुमारे 800 रोगी आले आणि त्यातले बहुतेक बरे झाले. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा मूळची डेन्मार्कची. तिने हा दिवा लंडनच्या रुग्णालयात नेला.

1902 चं वैद्यकातलं नोबेल मलेरियाचं कोडं भारतात सोडवणाऱ्या रोनाल्ड रॉसना मिळालं. पुढच्या वर्षीचं, 1903 चं, फिन्सेनला. तोपर्यंत तो चाकाच्या खुर्चीत होता. समारंभाला जाणं शक्यच नव्हतं. बक्षिसातली मोठी रक्कम त्याने आपली संस्था आणि हृदय-यकृताच्या रोग्यांसाठीचं रुग्णालय यांना देऊन टाकली. शेवटच्या काळात तो स्वतःवरच अभ्यास करत होता. शरीरात मीठ किती जातं, किती बाहेर पडतं आणि त्यामुळे पाणी कसं साठतं, याच्या रोज नोंदी. त्यावरचा त्याचा लेख 1904 मध्ये आला आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला तो गेला. वय 43.

उत्तर बरोबर, कारण वेगळंच

आता एक गंमत ऐका. 2005 मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी फिन्सेनची जुनी उपकरणं तपासली. त्या भिंगांतून आणि पाण्यातून जंतू थेट मारणारे अतिनील किरण पलीकडे जातच नव्हते! मग रोगी बरे कसे झाले? संशोधकांचं म्हणणं असं की क्षयाच्या जंतूंमध्ये पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात. पलीकडे जाणाऱ्या जांभळ्या-निळ्या प्रकाशात ती पेटून उठतात, आसपासच्या ऑक्सिजनला आक्रमक बनवतात आणि जंतू आतूनच जळतो. फिन्सेनला परिणाम खरा मिळाला, पण कारण त्याला वाटलं ते नव्हतं.

आज ल्युपससाठी कोणी आर्क दिवा लावत नाही, क्षयाची औषधं आल्यावर त्याची गरजच संपली. पण कुठला प्रकाश, किती वेळ आणि कातडीत किती खोल, हे फिन्सेनचे तीन प्रश्न अजून रोज विचारले जातात.

कसबा पेठेतल्याच नाही, तर कुठल्याही पेठेतल्या घरी विचारा, जन्मल्यावर काविळीमुळे निळ्या दिव्याखाली ठेवलेलं एखादं बाळ नात्यात निघेलच. 1956 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. एका बाळाचा सगळा पिवळेपणा उतरला, फक्त चादरीचा कोपरा जिथे पडला होता तिथे तो राहिला. फिन्सेनचा शाईचा पट्टाच जणू! काविळीतलं बिलिरुबिन निळ्या प्रकाशात आकार बदलतं आणि मग शरीर ते सहज बाहेर टाकतं. मात्र आजी म्हणते म्हणून काविळीच्या बाळाला नुसतं कोवळ्या उन्हात ठेवून थांबू नका. दिव्यात हवा तोच प्रकाश मोजून मिळतो, खिडकीतल्या उन्हात नाही.

फिन्सेन गेल्यानंतर काही वर्षांनी कळलं की उन्हातले अतिनील बी किरण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतात. आपल्या नाशिक भागात 1920 च्या आसपास झालेल्या पाहणीत दिसलं होतं की पडद्यात वाढणाऱ्या सधन घरांतल्या मुलांची हाडं मुडदुसाने वाकत होती, आणि दिवसभर उघड्यावर असणारी गरिबांची मुलं त्यातून वाचत होती. म्हणजे अंधाऱ्या माजघराची किंमत हाडं मोजत होती.

आणि कोड. आयुर्वेदात पांढऱ्या डागांवर बावची लावून ऊन दाखवायची रीत जुनी आहे. बावचीतली सोरालेन नावाची द्रव्यं कातडीला अतिनील किरणांबाबत हळवी करतात, हे आधुनिक वैद्यकाने विसाव्या शतकात दाखवलं आणि त्यातून उपचारपद्धतही निघाली. पण घरी स्वतःच बावची लावून उन्हात बसू नका, मोठे फोड येतात. आज त्वचारोगतज्ज्ञ बहुतेक वेळा 311 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण वापरतात. सुरुवात अगदी थोड्या मात्रेने करतात आणि कातडी कशी वागते ते बघत ती वाढवत नेतात. डागाजवळच्या केसांच्या मुळाशी शिल्लक राहिलेल्या रंगपेशी त्या प्रकाशाने जाग्या होतात आणि पांढऱ्या डागात आधी तपकिरी ठिपके उगवतात.

मेलॅनिनची ढाल कधी कधी आडही येते. कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर बोटातून तांबडा आणि अवरक्त प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. अमेरिकेत 2020 मध्ये दिसलं की कृष्णवर्णीय रोग्यांमध्ये खरोखर घटलेला ऑक्सिजन या यंत्राकडून गोऱ्या रोग्यांच्या सुमारे तिप्पट वेळा निसटतो. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या लोकांच्या देशाने हे लक्षात ठेवायलाच हवं.

फिन्सेनच्या रोग्यांना आजारापेक्षा लोकांच्या नजरेने जास्त घरात कोंडलं होतं. आपल्याकडे कोड असलेल्यांचं आजही तेच होतं. स्थळं परत जातात, हॉस्टेलमध्ये कोणी ताटाला ताट लावत नाही. कोड संसर्गाने पसरत नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. पुण्यात कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशनसारखी संस्था काम करते आहे. तुमच्या वर्गात कोणाच्या हातावर असे डाग असतील तर त्याला फेअरनेस क्रीम सुचवू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन ये म्हणावं, जाताना हवं तर सोबत जावं, आणि मधल्या सुट्टीत त्याच्याच डब्यातली भाजी खुशाल खावी.